साताऱ्याचा राजवाडा आणि आपली कादंबरी

आपल्या ऐतिहासिक कादंबरीत वाडे पुष्कळ असतात. पण त्यांत कोणी राहत असेल असे वाटत नाही. झुंबरे, समया, शेल्यांची सळसळ! नाटक संपल्यावर हे सामान कोठीत परत जावे, तसा हा सारा थाट. हा आक्षेप मनात ठेवूनच मी साताऱ्याचा राजवाडा पाहिला.

मी शिरूरचा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आमच्याच छावणीतून इंग्रजांची पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावास लढली. पेशव्यांच्या लष्करात तेव्हा छत्रपती प्रतापसिंह होते. नावाचे धनी, प्रत्यक्षात कैदी! फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले आणि इंग्रजांनीच त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८३९ साली त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. १८४७ साली ते तिथेच वारले. पुढल्याच वर्षी राज्य खालसा झाले. धन्याची दाद लागावी म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडत राहिले.

कादंबरीला याहून अधिक काय हवे? प्रबोधनकार ठाकरे यांनी ही हकीकत पोटतिडकीने मांडली, पण इतिहास म्हणून. आपले कादंबरीकार रमले ते शनिवारवाड्यापाशी. रणजित देसाईंची ‘स्वामी’, इनामदारांची ‘राऊ’ मलाही प्रिय आहेत. परंतु अर्ज, खलिते, वकिली आणि वाट पाहणे यांतही शौर्य असते. त्याला तलवारीचा खणखणाट नाही, एवढेच.

शिवाय राज्य बुडाले की कथा संपली, असे आपण धरून चालतो. या वाड्याची कथा तिथे संपत नाही. पुढे येथे सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिच्या पटावर एका मुलाचे नाव चढले. अस्पृश्यतेचे चटके सोसत शिकणारा तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. जिथे राजाला न्याय मिळाला नाही, तिथून देशाची राज्यघटना घडवणारा विद्यार्थी बाहेर पडला. कोणत्या लेखकाने हा योग कल्पनेने रचला असता, तर आपणच त्याला अतिशयोक्त म्हटले असते!

इतिहासाच्या तासाला मुले हटकून विचारतात, “गुरुजी, मग त्या राजाचे पुढे काय झाले?” पराभवानंतर माणसे कशी जगतात, हेच त्यांना जाणून घ्यायचे असते. सनावळी तेवढे सांगत नाही. ते सांगणे कादंबरीचे काम आहे, आणि साताऱ्यापुरते ते अजून बरेच बाकी आहे.