दार नसलेली शाळा : बाळकृष्ण दोशी यांच्या शैक्षणिक नेतृत्वाची चिकित्सा

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा. या दोन्ही भाषा शिकविताना हा फरक दरवर्षी सांगावा लागतो आणि वर्गात दरवर्षी हशा पिकतो. वास्तुविशारद बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांच्या अध्यापनकार्याकडे पाहताना मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. प्रस्तुत लेखात त्यांनी बांधलेल्या वास्तूंपेक्षा त्यांनी अहमदाबादेत घडविलेल्या विद्यालयाचा व त्या विद्यालयाच्या नेतृत्वाचा विचार करावयाचा आहे.

दोशींचा जन्म 1927 साली पुण्यात, लाकडी फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. 1947 ते 1950 ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. पुढे पॅरिसला ले कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात 1951 ते 1954 या काळात त्यांनी काम केले, तेही सुरुवातीचे काही महिने बिनपगारी. म्हणजे त्यांचे खरे शिक्षण उस्तादाच्या शेजारी बसून झाले. मी राहतो त्या बेळगावच्या खासबागेत ही पद्धत नवी नाही. तुटलेले सूत कसे सांधावे हे विणकराचा मुलगा पुस्तकात वाचत नाही. तो मागाजवळ बसतो, चुकतो, बोलणी खातो आणि शिकतो.

1962 साली अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने वास्तुकला विद्यालय सुरू केले. संस्थेच्या मागे कस्तुरभाई लालभाई यांच्यासारखे गिरणीमालक उभे होते. संस्थापक संचालक झालेले दोशी तेव्हा पस्तिशीत होते व त्यांचा स्वतःचा व्यवसायही चालू होता. शिक्षण संस्थांमध्ये नोकरी करणाऱ्या आपण प्राध्यापकांनी येथे थोडे थांबावे. विषयाची जाण असलेल्या माणसाला निवडायचे आणि अभ्यासक्रमाचा प्रश्न त्याच्यावर सोपवायचा, हे वाचायला सोपे वाटते. विश्वस्तांच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही ते किती अवघड आहे हे ठाऊक असेल.

या विद्येत शिकविण्याचा मुख्य भाग स्टुडिओत होतो. विद्यार्थी आपला आराखडा भिंतीवर लावतो आणि शिक्षक व सोबती सर्वांसमक्ष त्याला प्रश्न विचारतात. ही जिना येथे का ठेवला? पावसाचे पाणी कोठे जाईल? म्हातारा माणूस कोठे टेकेल? उत्तर द्यावे लागते, नाहीतर आराखडा पुन्हा काढावा लागतो. ही खरी मराठी तालीम. आपल्या भाषाविषयांच्या वर्गात विद्यार्थ्याचा निबंध मात्र शिक्षकाखेरीज कोणी वाचत नाही, आणि लाल शाईच्या गुणांपलीकडे त्याचे पुढे काही होत नाही.

विद्यालयाची इमारतही दोशींचीच. उघड्या विटांच्या समांतर भिंती, उत्तरेकडून येणारा प्रकाश, उंच छताचे स्टुडिओ आणि खाली सावलीची मोकळी जागा, जेथे कोणीही येऊन बसावे. आत आणि बाहेर यांच्यात अडसर घालणारी दारे जवळजवळ नाहीत. हा केवळ शोभेचा भाग नव्हे, ते नेतृत्वाचे धोरणच होते. पूर्वी मी ज्या एका महाविद्यालयात होतो तेथे पाच वाजता शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवीत येई. बैतबाजीचा सराव करणारी मुले मग जिन्यावर बसत आणि तेथूनही त्यांना उठविले जाई. त्या इमारतीला दारे भरपूर होती.

तरीही दोशींच्या कार्याची केवळ स्तुती करून भागणार नाही. या विद्यालयाची कथा बहुधा एकाच माणसाची कथा म्हणून सांगितली जाते. बर्नार्ड कोन यांच्यासारखे आरंभीचे सहकारी तिच्यात तळटीपेपुरते उरतात आणि पैसा व जमीन देणारे गिरणीमालक पार्श्वभूमीत जातात. ज्या शहरात साराभाई व लालभाई घराणी होती आणि ज्या संचालकाच्या शब्दावर लुई कान आय. आय. एम.च्या इमारतीसाठी अमेरिकेहून आले, त्या शहराचे माप निपाणीच्या महाविद्यालयाला लावणे अन्यायाचे ठरेल. मोकळेपणालाही खर्च येतो. तो कोणी उचलला हे सांगितल्याखेरीज नेतृत्वाचे मूल्यमापन अपुरेच राहते.

माझ्या मते दोशींचे सर्वांत मोठे काम सुरू करण्यात नसून सोडण्यात आहे. दहा वर्षांनी, 1972 साली, त्यांनी वास्तुकला विद्यालयाचे संचालकपद सोडले व नियोजन विद्यालय उभारण्याकडे वळले. 1979 मध्ये तेही सोडले. नियोजन विद्यालयाच्या उभारणीत त्यांच्यासोबत असलेले ख्रिस्तोफर बेनिंजर 1976 साली पुण्यात आले आणि त्यांनी विकास अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र काढले. दोशींनंतर संस्था थांबली नाही. 1982 मध्ये बांधकामशास्त्राचे व 1991 मध्ये अंतर्गत सजावटीचे विद्यालय तिला जोडले गेले. 2005 साली ती 'सेप्ट' विद्यापीठ झाली. 2012 नंतर काही वर्षे तिची धुरा तेथेच शिकलेल्या बिमल पटेल यांच्याकडे होती. आपल्याकडे संस्थापक हयात असेपर्यंत त्याची खुर्ची रिकामी होत नाही, आणि तो गेल्यावर बहुधा मुलाकडे जाते.

2018 चे प्रित्झकर पारितोषिक दोशींना मिळाले, ते मिळविणारे ते पहिले भारतीय. 2023 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. अहमदाबादला जाणे ज्यांना जमणार नाही त्यांनी बेंगळुरूचे आय. आय. एम. पाहावे. फत्तेपूर सिक्रीवरून सुचलेले ते लांब, वेलींनी झाकलेले व्हरांडे वर्गातून वर्गात जाणाऱ्यांना वाटेत बोलायला लावतात. मी व्हरांड्यात उभा राहून हे पाहिले, आणि परतल्यावर आमच्या प्राचार्यांना एक साधा अर्ज दिला : जिन्याखालच्या जागेत दोन बाके ठेवावीत व तेथील दिवा रात्री आठपर्यंत चालू असावा. दिव्याला मंजुरी मिळाली आहे. बाकांचा विचार चालू आहे.