कलावीथीची बीजकल्पना आणि वारली चौक

कलावीथीच्या अंतर्रचनेस एखादी बीजकल्पना असावी, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. ती कोठून घ्यावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. या दृष्टीने दिल्लीचे हस्तकला संग्रहालय अभ्यसनीय होय. मुंबईचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९७५ ते १९९० या काळात साकारलेल्या या वास्तूत आकाशाखालून जाणारी एक वाट आहे आणि तिच्या अनुषंगाने ग्राम, मंदिर व दरबार असा क्रम योजिलेला आहे. येथे कल्पना वस्तूंवर लादलेली नसून प्रेक्षकाच्या चालण्यात मुरलेली आहे. कोरियांचे यश आहे ते एवढ्यातच. पण ते थोडे नव्हे.

तथापि विरार येथे वारली कलेसाठी कलावीथी उभारावयाची झाल्यास हा क्रम उसना घेऊन भागणार नाही. वारल्यांच्या लग्नघरी जो चौक लिहिला जातो, त्यात ग्राम आणि मंदिर हा भेदच मावळतो. कुडाची भिंत शेणामातीने सारवून तीवर गेरू दिलेला असतो. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून सवाशिणी पालघट देवीचा चौक लिहितात व धवलेरी गाते. घर तेच देऊळ, आणि तेही लग्नापुरतेच! शिवाय हे चित्र घरातील अंधारात असते. बाहेरून आलेल्याचे डोळे निवल्यावरच ते हळूहळू उमटते. अशा चित्रास चौकट, काच आणि प्रखर झोत देणे म्हणजे त्याचे स्थळ व काळ दोन्ही हिरावून घेणे होय.

उलटपक्षी, १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली आणि पुढे पद्मश्रीने गौरविलेले जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांच्या हाती तिला स्वतंत्र रूप लाभले. त्या चित्रांस काच व सम प्रकाश अवश्य हवा. दोहोंस एकाच कल्पनेत कोंबल्यास अन्याय होतो तो चौकावरच. कारण कागदावर चित्रकाराचे नाव असते, भिंतीवर सवाशिणीचे नसते. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे, त्यांची संमती असल्यास, दालनाच्या दारीच लिहिली पाहिजेत.

लग्नाविना लिहिलेला चौक हा चौकच नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. १९७२ च्या ‘एशिया ७२’ प्रदर्शनासाठी तात्पुरत्या उभारलेल्या ग्रामीण झोपड्या दिल्लीच्या संग्रहालयात कायमच्या होऊन बसल्या, हे उदाहरण डोळ्यांपुढे आहेच. विरारच्या दालनातील भिंत म्हणूनच काही काळाने पुन्हा सारवली जावी, आणि पुढील चौक लिहिला जाईपर्यंत ती नुसत्या गेरूची, कोरी राहावी.