चक दे! इंडिया : ती शेवटची पेनल्टी अडली नसती तर?

आपल्या उन्हाळी सहलीहून परतताना बसमध्ये ‘चक दे! इंडिया’ लावला होता, हे सहलीला आलेल्या मंडळींना आठवत असेल. मागे अंताक्षरी रंगात आली होती, ती आपोआप थांबली. ज्यांना संवाद पाठ होते ते शाहरुखच्या आधीच बोलू लागले. शेवटी गोलकीपर विद्या शर्मा ऑस्ट्रेलियाची पेनल्टी अडवते तेव्हा अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या लेकीने मात्र वाजवल्या नाहीत. ती इथल्या शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर आहे. तिने मला हळूच विचारले, "बाबा, तिने ती अडवली नसती तर? मग कबीर खान गद्दारच राहिला असता का?"

मागच्या सीटवरच्या काकांनी ते ऐकले आणि म्हणाले, "अगं, मग सिनेमाच निघाला नसता!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. हा सिनेमा मी आजवर दहा वेळा तरी पाहिला असेल, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. म्हणून हे उशिरा लिहिलेले परीक्षण.

सिनेमा प्रदर्शित झाला १० ऑगस्ट २००७ रोजी. मी तेव्हा लेस्टरला मास्टर्स करत होतो. प्रबंध सप्टेंबरात द्यायचा होता आणि निम्माही लिहून झाला नव्हता. एका घरात राहणाऱ्या आम्ही चौघांनी महिन्याच्या किराण्याच्या पैशांतून तिकिटे काढली. थिएटरात हॉकी पाहायला कोणीच आले नव्हते, सगळे शाहरुखला पाहायला आले होते. बाहेर पडताना मात्र जो तो हॉकीबद्दल बोलत होता. दिग्दर्शक शिमित अमीन आणि लेखक जयदीप साहनी यांचे हे यश कोणीही नाकारू नये.

सिनेमाचा पूर्वार्ध आजही तितकाच अस्सल वाटतो. नायक-नायिकेचे प्रेम नाही, नायकाचे नाचगाणे नाही. महिला संघाला स्पर्धेला पाठवणे म्हणजे पैशांचा अपव्यय, असे बिनदिक्कत बोलणारे पदाधिकारी आहेत. मुली स्वतःची ओळख करून देताना राज्याचे नाव सांगतात, देशाचे नाही. मणिपूर-मिझोरमच्या मुलींना आपल्याच देशात पाहुण्यासारखे वागवले जाते आणि झारखंडच्या मुलींना कोणी मोजतच नाही. आणि महाराष्ट्राची बिंदिया नाईक! अनुभवी, मानी, रुसून बसणारी. आपल्या राज्याची म्हणून सांगत नाही, पण मला ती सगळ्यात खरी वाटते. सिनेमा तिला सरळ खलनायिका करून टाकत नाही. कोरियाविरुद्ध अडचण येते तेव्हा तिच्याच अनुभवाचा उपयोग होतो. संघ सांभाळणे म्हणजे काय, हे त्या एका पात्रात चांगले दिसते. प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींनी तेवढ्यासाठी तरी पुन्हा पाहावा.

माझी तक्रार आहे ती उत्तरार्धाबद्दल.

कबीर खानवर आळ काय असतो? विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध तो पेनल्टी चुकवतो, सामन्यानंतर समोरच्या कर्णधाराशी हात मिळवतो आणि एका रात्रीत देशद्रोही ठरतो. तो मुसलमान आहे म्हणून. सिनेमा हे न बिचकता दाखवतो, त्या काळाच्या मानाने धीटपणे दाखवतो. पण त्याचे उत्तर काय देतो? सात वर्षांनी कबीर खान विश्वविजेता संघ घेऊन परततो आणि त्याच गल्लीत त्याचे स्वागत होते. कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर त्याची निर्दोष सुटका होतच नाही. त्याला माफी मिळते, आणि तीही विश्वचषकाच्या किमतीवर. गल्लीतल्या लोकांना कोणी विचारत नाही की बाबांनो, चुकले कोणाचे होते?

या कथेवर मीररंजन नेगी यांची छाया आहे, हे आपण जाणतोच. सिनेमा म्हणजे त्यांचे चरित्र नव्हे. पण सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवली ती त्यांनीच. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला, तेव्हा गोलमध्ये नेगी उभे होते. माझे बाबा सांगतात, पुण्यात आमच्या वाड्यात नव्या रंगीत टीव्हीसमोर पन्नास माणसे बसली होती, आणि त्या संध्याकाळी पन्नासही जणांना खात्री होती की गोलकीपर फितूर आहे. सात गोल झाले म्हणजे पुढे बचाव फळी कुठे होती, हे कोणी विचारले नाही. पुढे २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकले, त्या संघाबरोबर नेगी होते. त्यानंतर लोक त्यांच्याविषयी चांगले बोलू लागले. म्हणजे प्रत्यक्षातही माफी मिळाली ती जिंकल्यावरच.

हरणारा संघ कसा दिसतो, हे मला कळले २०१८ साली. महिलांचा विश्वचषक लंडनला होता, ऑलिंपिक पार्कमधल्या ली व्हॅलीच्या मैदानावर. आम्ही तेव्हा हॅरोला राहत होतो. आपल्या सामन्यांची मिळतील तेवढी तिकिटे मी काढून टाकली. पहिला सामना शनिवारी, २१ जुलैला, नेमका यजमान इंग्लंडशी. आमच्या ओळखीतली बावीस माणसे आली होती. ढोल होता, झेंडे होते, ‘चक दे’ची घोषणा होती. लेक आठ वर्षांची होती. तिने एका गालावर तिरंगा आणि दुसऱ्यावर इंग्लंडचा लाल क्रॉस रंगवून घेतला होता. एका मित्राने हसत हसत तिला विचारले, "खरं सांग, कोण जिंकायला हवं?" ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. नेहा गोयलने गोल केला, शेवटच्या सत्रात इंग्लंडने तो फेडला आणि सामना १-१ असा सुटला. सगळ्यात खूश कोण झाले असेल, ते सांगायला नको!

गुरुवारी आयर्लंडकडून ०-१ अशी हार. आमच्यातले सातजण आले होते. रविवारी अमेरिकेशी १-१; कर्णधार राणी रामपालने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधून संघाला स्पर्धेत टिकवले. मंगळवारी इटलीवर ३-० असा विजय, पण मी क्लायंटकडे अडकलो होतो, सामना फोनवर चोरून पाहिला. त्यातला पहिला गोल लालरेमसियामीचा. मिझोरमची, अवघी अठरा वर्षांची. सिनेमातही मिझोरमची एक मुलगी आहे, मेरी राल्ते. परकी समजून तिची चेष्टा होते. अकरा वर्षांनी मिझोरमची खरीखुरी मुलगी विश्वचषकात भारतासाठी गोल करत होती. सिनेमा कधी कधी बरोबर दिशेला बोट दाखवतो, ते असे.

गुरुवार, २ ऑगस्ट. उपांत्यपूर्व फेरी, समोर पुन्हा आयर्लंड. आम्ही उरलो होतो तिघे : मी, बायको आणि लेक. कबीर खान ज्या सत्तर मिनिटांवर भाषण देतो ती आता राहिलेली नाहीत. २०१४ नंतर पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे आली. तर त्या साठ मिनिटांत गोल नाही. ०-०. सिनेमात हा सामना दहा सेकंदांत उरकला असता. प्रत्यक्षात त्यात खूप काही होते. घुसायला जागा मिळू न देणारी आयरिश बचाव फळी, वर्तुळाच्या काठावर येऊन परतणारे आपले हल्ले, चुकायला नको म्हणून मागे दिलेले पास. हॉकी बहुतेक वेळ अशीच असते.

मग शूटआउट. सिनेमातल्यासारखा चेंडू एका जागी ठेवून मारायचा पेनल्टी स्ट्रोक हल्ली बरोबरी फोडायला वापरत नाहीत. खेळाडू तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, समोर एकटी गोलकीपर, आणि हातात आठ सेकंद. प्रशिक्षकाने बाहेरून डोळ्यांनी खूण करावी आणि गोलकीपरने ती ओळखावी, इतका वेळच नसतो. आपल्या सविता पुनियाने आयर्लंडचे पहिले दोन्ही प्रयत्न अडवले. दोन! सिनेमातली विद्या एक शेवटची अडवते आणि जग जिंकते. सविताने दोन अडवल्या, पण आपल्याकडून एकट्या रीना खोकरचा गोल झाला आणि आपण १-३ असे हरलो. हाच आयर्लंडचा संघ पुढे अंतिम फेरीत पोचला.

आमच्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ मराठीतच म्हणाला, "एवढ्या लांबून आलो ते हे बघायला?" आणि निघाला. खोटे कशाला बोलू, मीही उठलो होतो. ट्रेनला गर्दी होईल म्हणून. लेकीने शर्ट ओढून मला खाली बसवले. "त्या अजून मैदानावर आहेत, बाबा."

त्या संघात वंदना कटारिया होती. तीन वर्षांनी, म्हणजे २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. मग आपण ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले आणि जो तो कबीर खानचे नाव घेऊ लागला. सिनेमा खरा झाला म्हणाले! दोनच दिवसांनी उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून १-२ अशी हार झाली, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदनाच्या घराबाहेर काहींनी फटाके फोडले, जातीवरून शिवीगाळ केली. तशी तक्रार तिच्या घरच्यांनी पोलिसांत दिली. संघात दलित मुली आहेत म्हणून आपण हरलो, असे म्हणे. कबीर खानची गल्ली कुठे गेलेली नव्हती.

आणि वंदनाने काय केले? पुन्हा दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनविरुद्ध उतरून गोल केला. सामना आपण ३-४ असा हरलो. म्हणजे सिनेमाने घातलेली अट तिने पूर्ण केलीच नाही. पदक मिळाले नाही. मग तिच्या घरासमोर जे झाले ते रास्त ठरते का? हा प्रश्न ‘चक दे’ला विचारला तर त्याच्याकडे उत्तर नाही. २०२५ मध्ये तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळून वंदना निवृत्त झाली. तिच्यावर सिनेमा काढायचा तर शेवटचा सामना हरलेलाच दाखवावा लागेल, आणि तरीही प्रेक्षक उठून उभा राहिला पाहिजे. असा सिनेमा अजून आलेला नाही.

आपल्याला, म्हणजे इथे राहणाऱ्यांना, हे जास्त कळायला हवे. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या इथल्या खासदारांनी स्थलांतरितांसाठी एक कसोटी सुचवली होती : क्रिकेटच्या सामन्यात तुम्ही कोणत्या देशाच्या बाजूने ओरडता ते सांगा, म्हणजे तुमची निष्ठा कळेल. आपल्यापैकी अनेकांना त्याचा आजही राग येतो. मग मैदानात आठ वर्षांच्या पोरीला "कोण जिंकायला हवं?" असे विचारताना आपण तरी काय करत होतो? तीच परीक्षा, फक्त परीक्षक आपले.

आता माझी कबुली. गेल्या हिवाळ्यात लेकीचा शाळेचा सामना होता. चार चांगले गोल तिने वाचवले, पाचवा गेला आणि संघ ०-१ असा हरला. गाडीत बसल्यावर मी पहिले वाक्य काय बोललो असेन? "शेवटचा अडवायला हवा होतास." घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. बसमध्ये तिने तो प्रश्न विचारला तेव्हा मला हे वाक्य आठवले. वाड्यात टीव्हीसमोर बसलेल्या पन्नास जणांतला एकावन्नावा मीच होतो.

तर मंडळी, ‘चक दे’ पुन्हा जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पूर्वार्धासाठी त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. पण सिनेमा संपला की त्यांना लेकीचा तो प्रश्न विचारा, आणि उत्तर स्वतःही द्या. आपल्या मुली पुन्हा कधी इथे खेळायला आल्या तर मी तिकिटे काढणारच आहे, सगळ्या सामन्यांची. ज्यांना यायचे असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा. अट एकच : हरलो तरी त्या मैदानाबाहेर जाईपर्यंत कोणी ट्रेन पकडायला उठायचे नाही.