पार्श्वप्रकाश आणि खरखर : एका शास्त्रीय शब्दप्रयोगाची चिकित्सा

सूक्ष्म रासायनिक विश्लेषणाच्या वाङ्मयात 'बॅकग्राउंड नॉइज' हा जोडशब्द इतका रूढ झाला आहे की, त्यातील दोन पदे ही दोन निराळ्या गोष्टींची नावे आहेत हे वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. मराठीत त्याचे 'पार्श्वभूमीचा गोंगाट' असे भाषांतर केले म्हणजे तर ही गल्लत पक्कीच होते. केशनलिकेतील इलेक्ट्रोफोरेसिस ह्या पद्धतीच्या वाङ्मयात तिचे परिणाम विशेष स्पष्ट दिसतात. म्हणून त्या क्षेत्राच्या आधारे तिचा विचार येथे करावयाचा आहे.

पद्धत थोडक्यात अशी. सुमारे 50 ते 75 मायक्रोमीटर पोकळीची, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीची, सिलिकाची नळी बफर द्रावणाने भरतात. तिच्या दोन टोकांत वीस-तीस हजार व्होल्टचा विद्युद्दाब लावला म्हणजे मिश्रणातील घटक आपापल्या विद्युद्भारानुसार व आकारानुसार निरनिराळ्या गतीने सरकून सुटे होतात. घटकांना आधीच एखादा प्रतिदीप्त रंजक जोडलेला असतो. लेसरचा निळा झोत पडताच तो हिरवा प्रकाश परत देतो, आणि ह्या हिरव्या प्रकाशाचे मोजमाप होते. अडचण ही की, प्रकाश देणारा तो एकटाच नसतो. नळीच्या भिंतींवरून लेसरचा झोत विखुरतो. तिच्यावरील पॉलिइमाइडचे आवरण स्वतःच चमकते, म्हणून तेवढ्या जागी ते जाळून खिडकी करावी लागते. बफरमधील अशुद्ध द्रव्ये आपली भर घालतात. पाणी तर कितीही शुद्ध केले तरी रामन परिणामामुळे रंग बदललेला प्रकाश बाहेर टाकतेच. ज्या परिणामाच्या 1928 मधील शोधाचा साऱ्या देशाला अभिमान वाटतो, तोच येथे उपद्रव म्हणून उभा राहावा ही गंमतच म्हटली पाहिजे. सुदैवाने 488 नॅनोमीटरच्या लेसरने पाण्यातून उद्भवणारा मुख्य रामन-प्रकाश 585 नॅनोमीटरच्या आसपास पडतो आणि फ्लुओरेसिनची दीप्ती 520 च्या आसपास. त्यामुळे योग्य फिल्टर लावून त्याचा बराचसा भाग अडविता येतो.

ह्या साऱ्या अवांतर प्रकाशाला 'बॅकग्राउंड' म्हणणे रास्त आहे. परंतु तो 'नॉइज' नव्हे. पार्श्वप्रकाश हा एक स्तर होय. तो खरोखर स्थिर राहता, तर कितीही मोठा असला तरी सरळ वजा करून टाकता आला असता. गायकाच्या मागे तंबोरा अखंड वाजत असतो, म्हणून गाणे ऐकू येत नाही अशी तक्रार कोणी करीत नाही. अडथळा होतो तो त्या स्तराच्या अनियमित चढउतारांचा, आणि 'नॉइज' हे नाव त्यांचे आहे. वाल्टर शॉट्की यांनी 1918 मध्ये निर्वात नलिकांतील विद्युत्प्रवाहाच्या अशाच चढउतारांचे विवेचन केले. त्यांच्या जर्मन संज्ञेत बंदुकीच्या छऱ्यांची कल्पना आहे. प्रवाह ही सलग धार नसून सुट्या कणांचा वर्षाव आहे, हे त्या एका शब्दात नेमके आले आहे. पत्र्यावर पावसाचे थेंब दर क्षणी सारख्याच संख्येने पडत नाहीत. प्रकाशकणांचेही तसेच आहे.

मात्र तंबोऱ्याचा दृष्टांत येथेच अपुरा पडतो, आणि विषयाचे मर्मही येथेच आहे. तंबोरा मोठ्याने वाजला म्हणून खरखर वाढत नाही. प्रकाश मात्र जितका अधिक, तितके त्याचे चढउतारही अधिक. पण ते सरळ प्रमाणात न वाढता वर्गमुळाच्या मानाने वाढतात. समजा, एका मोजणीत पार्श्वप्रकाशाचे 10,000 कण आले. त्यांचा स्वाभाविक चढउतार 100 चा. रूढीप्रमाणे ह्याच्या तिप्पट, म्हणजे रंजकाचे 300 कण अधिक आले, तरच घटक 'आढळला' असे मानतात. पार्श्वप्रकाश शंभरपटीने घटवून 100 कणांवर आणला, तर चढउतार 10 चा आणि मर्यादा 30 ची. शंभरपट घट करून लाभ दसपट! याउलट चढउतार लेसरच्याच अस्थैर्यातून येत असतील, तर ते पार्श्वप्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात आणि तोच उपाय शंभरपट लाभ देतो. 'बॅकग्राउंड नॉइज कमी केला' ह्या वाक्यावरून यांपैकी काय घडले हे कळावयास मार्ग नाही. आलेख मागाहून गुळगुळीत करणे, हेही ह्याच वाक्यात बसते. वास्तविक तेथे पार्श्वप्रकाश तसूभरही हललेला नसतो आणि सरासरीचा काळ लांबविल्यास शेजारची दोन शिखरे एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ज्याच्या यंत्रातील चढउतार कणांच्या मोजणीचेच आहेत, तो अधिक स्थिर लेसर विकत घेतो आणि आलेख पूर्वी होता तसाच राहतो.

ह्या दृष्टीने चेंग व डोविची यांचा 'सायन्स'मध्ये 1988 साली प्रसिद्ध झालेला निबंध वाचण्याजोगा आहे. जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी 1981 मध्ये नळीतच दिव्याच्या प्रकाशाने प्रतिदीप्ती मोजली होती. गॅसमन, कुओ व झेअर यांनी 1985 मध्ये लेसर आणला. लेसरने रंजकाची दीप्ती वाढते तसा भिंतीवरून विखुरणारा प्रकाशही वाढतो. चेंग व डोविची यांनी विखुरलेला प्रकाश गाळण्यावरच भिस्त न ठेवता, तो जेथे उत्पन्न होतो ती भिंतच झोताच्या मार्गातून दूर केली. नळीचे टोक सपाट बाजूंच्या एका पारदर्शक कोशात सोडून, तिच्यातून निघणाऱ्या बारीक धारेभोवती त्याच बफरचे वेष्टन वाहते ठेवले. धार व वेष्टन यांचा वक्रीभवनांक एकच असल्याने झोताला अडखळावयास वक्र पृष्ठभागच उरला नाही. पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रांतून आलेली ही युक्ती कांबारा व ताकाहाशी यांनी 1993 मध्ये अनेक नळ्यांना एकदम लावली, आणि 1998 साली बाजारात आलेल्या 96 नळ्यांच्या डीएनए-वाचक यंत्रातही तिचाच अवलंब झाला. मानवी जनुकसंचाच्या वाचनात ह्या यंत्राचा वाटा मोठा आहे.

एवढी स्तुती केल्यावर एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. एका अ‍ॅटोमोलहून, म्हणजे सुमारे सहा लाख रेणूंहून, कमी अशा अमिनो आम्लांचे विश्लेषण, असे त्या निबंधाचे शीर्षक सांगते. मोजली गेली ती मात्र रंजक जोडलेली अमिनो आम्ले. हा भेद क्षुल्लक नाही. अतिविरल द्रावणात रंजक जोडण्याची क्रिया फार मंद होते. म्हणून ती दाट द्रावणात उरकून मग पाणी वाढवीत जाण्याची वहिवाट ह्या क्षेत्रात पडली. अशा रीतीने मिळालेली मर्यादा यंत्राची असते, पद्धतीची नव्हे. मूळ नमुनाच विरल असेल, तर उरलेला रंजक व त्याचे उपपदार्थ आलेखावर आपली शिखरे उठवितात, आणि त्यांच्यापुढे कोणत्याही वेष्टनाचा इलाज चालत नाही. दोष त्या एका निबंधाचा नाही. साऱ्या क्षेत्राची बोलीच तशी आहे.

मराठीपुरते बोलावयाचे, तर 'गोंगाट' हा शब्द येथे चालण्यासारखा नाही. गोंगाटात अनेक माणसे असतात व प्रत्येकाच्या बोलण्याला काही अर्थ असतो. तो एकमेकांत मिसळल्याने हरवतो, इतकेच. 'रव' भारदस्त खरा, परंतु 'कलरव'सारख्या शब्दांमुळे त्याला माधुर्य चिकटले आहे. रेडिओची दोन स्थानके जेथे संपतात तेथे ऐकू येणारी 'खरखर' मात्र सर्वांच्या परिचयाची आहे. तिला अर्थ नाही, लय नाही, आणि ती कोणाची नाही. शब्द ग्राम्य वाटेल, पण छऱ्यांपेक्षा अधिक ग्राम्य खास नाही. तेव्हा स्थिर स्तराला 'पार्श्वप्रकाश' आणि त्याच्या चढउतारांना 'खरखर' म्हणावे. रंजकाच्या उपपदार्थांची शिखरे यांपैकी कशातच बसत नाहीत. इंग्रजीत त्यांनाही 'केमिकल नॉइज' म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः ती अनियमित नसून दर खेपेला जागच्या जागी उगवतात. त्यांना मराठीत 'उपरी शिखरे' हे नाव देता येईल.