आधी शंभर, मग पाच, मग वीस

पिंगळीला काकांच्या विहिरीवर मी मोटारीसाठी एक पेटी बसवली. व्होल्टेज किती आणि मोटार किती वेळ चालली, एवढंच तिनं सांगायचं. पहिल्याच सकाळी मोटार धडधडत होती, दांडात पाणी पडत होतं आणि पडद्यावर व्होल्टेज होतं ०.००. काका पेटीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "मोटार चालू हाय, पाणी पडायलंय, अन् ह्ये सुन्न दाखवायलंय."

ते सुन्न नव्हतं. आत संख्या होती: दशांशचिन्हापुढे ३१४ शून्यं आणि मग ५३४. पडद्याला दोनच घरं, म्हणून तो ०.०० म्हणत होता. २३० हा आकडा आठ बाइटांत बसतो. मोजणीचा जुना, आर्म जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड त्या आठांतला वरचा अर्धा आधी पाठवत होता आणि मी तो खालचा अर्धा समजून घेत होतो. चूक माझी, दुरुस्ती दोन ओळींची. पण त्या दोन ओळी शोधायला मी न्यूलिब उघडली आणि संध्याकाळ तिच्यातच गेली.

न्यूलिब म्हणजे छोट्या प्रोसेसरांसाठीची सी भाषेची लायब्ररी. अमेरिकेतल्या सिग्नस कंपनीत ती जुळवली गेली, पुढे रेड हॅटनं सांभाळली. आपल्याकडेही तिचं घर होतं: रेनेसास कंपनीच्या चिपांसाठीची ग्नू साधनं पुण्याच्या केपीआयटीनं वर्षानुवर्षं बांधून दिली, आणि त्यांच्या पोटात न्यूलिबच असायची. तिचा गणिताचा भाग मात्र उसना, सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९९३ च्या एफडीलिबएमवरून घेतलेला. त्या मूळ गणितात एक ओळ होती, ती आता न्यूलिबमध्ये फक्त टिपणीत उरली आहे. तिच्यासाठी थांबायला हवं.

ओळीचा प्रश्न असा: ६४ बिटांची संख्या ३२-३२ च्या दोन अर्ध्यांत ठेवलेली आहे, यंत्रात वरचा अर्धा पहिल्या जागी असतो की दुसऱ्या? उत्तरासाठी ती ओळ यंत्राचं नाव विचारत नाही, कंपनी विचारत नाही. ती 'एक' या संख्येलाच विचारते. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे, उरलेले ५२ अपूर्णांकाचे. १.० लिहिलं की चिन्ह शून्य, घातांक १०२३ म्हणजे एक शून्य आणि त्यामागे दहा एकं, अपूर्णांकाची बावन्न घरं रिकामी. म्हणजे वरचा अर्धा ००१ असा सुरू होतो आणि खालचा अर्धा निव्वळ शून्य.

आता ओळ काय करते बघा. जो अर्धा आधी हाती लागेल तो पूर्णांक म्हणून उचलते आणि २९ घरं उजवीकडे ढकलते. बत्तिसांतली तीनच घरं उरतात. वरचा अर्धा असेल तर ००१, म्हणजे एक. खालचा असेल तर शून्य. मग शेवटी एक छोटीशी गिरकी: एकाचं शून्य करायचं, शून्याचं एक. हाती येतो तो थेट वरच्या अर्ध्याचा क्रमांक, सी भाषेच्या मोजणीत, जिथे पहिली जागा शून्य आणि दुसरी एक.

२९ च का? २८ घरं ढकलली असती तर हाती तीन आले असते, ३० ढकलली असती तर काहीच नाही. बरोबर 'एक' उरवणारी ढकल ही एकच. इतकी नेमकी जागा गाण्यात आली असती तर समोरच्याची मान आपोआप हलली असती. बेरीज नाही, तुलना नाही, 'जर' नाही, 'तर' नाही.

आणि ही ओळ न्यूलिबनं काढून टाकली. बदल करणाऱ्यानं कारणं लिहून ठेवली आहेत: अपूर्णांकाच्या जागेत पूर्णांकाच्या खिडकीतून असं डोकावणं भाषेच्या मानकात बसत नाही, आणि वर जीसीसी हा कंपायलर सूचनांचा क्रम लावताना त्यात चुकतो. क्रम धावताना ठरवण्यापेक्षा बांधतानाच ठरवावा, धावताना ठरवण्यात आपल्याला फारसा फायदा दिसत नाही, असंही तो 'मी' म्हणून सांगतो. शास्त्राचा आव नाही. दुकानदारानं हिशेब दाखवावा तसं बोलणं. त्यानं घातलेली जागा दिसायला साधी: आठ बाइटांची एकच पेटी, तिच्यात दोन कप्पे, कप्प्यांना नावं. एमएसडब्ल्यू म्हणजे वरचा अर्धा, एलएसडब्ल्यू म्हणजे खालचा. एका जातीच्या यंत्रासाठी कप्पे या क्रमानं, दुसऱ्या जातीसाठी त्या क्रमानं. गणित करणाऱ्या फाइलींनी फक्त नाव घ्यायचं. मला जुनी ओळ जास्त आवडते. पण पिंगळीच्या पेटीत मी नवी पद्धत घातली असती, आणि घातलीही.

नावं दिली की नोंदवही लागतेच: कुठलं यंत्र कुठल्या जातीचं. न्यूलिबमध्ये ती ieeefp नावाच्या, म्हणजे 'आयईईई-एफपी' म्हणून वाचायच्या शीर्षक-फाइलीत आहे. एकेक प्रोसेसर, एकेक शेरा. जपानी एसएच दोन्ही क्रमांत चालतो. आरएक्स तर त्याहून लहरी: क्रम दोन्ही, शिवाय जीसीसीत सांगितलं नाही तर त्याचा 'डबल' ६४ ऐवजी ३२ च बिटांचा. नाव डबल, अंगकाठी सिंगल! यादी संपली आणि यंत्राची जात तरीही ठरली नाही, की फाइल बांधणीच थांबवते. त्या ओरडीत दोन उद्गारचिन्हं आहेत आणि 'एन्डियननेस' शब्दातला एक 'एन' गळालेला. कुणी तो परत बसवू नये असं मला वाटतं.

या यादीत आर्मची नोंद सगळ्यांत लांब, आणि माझी पेटी तिथेच अडकली होती. जुन्या आर्ममध्ये ३२ बिटांचे दोन वर्ड मोठ्याकडून लहानाकडे, वरचा आधी. पण प्रत्येक वर्डच्या आतले चार बाइट यंत्राप्रमाणे, बहुधा लहानाकडून मोठ्याकडे. बाहेर एक चाल, आत दुसरी. पुढे व्हीएफपी नावाचं नवं गणित-एकक आलं आणि सगळं सरळ झालं. जुन्या बोर्डांवर मात्र जुनी चाल राहिली. परदेशी लेखक या चालीला विचित्र म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेननं १९८० साली बाइटक्रमाच्या भांडणाला गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंडं फोडणाऱ्यांची नावं दिली, तेव्हा त्या गोष्टीत पक्ष दोनच होते: मोठ्या टोकाकडून फोडणारे आणि लहान टोकाकडून.

पण मराठी माणसाला यात विचित्र काय वाटावं? 'एकशे पंचवीस' म्हणून बघा. आधी शंभर, मग पाच, मग वीस. शतक मोठ्याकडून, जोडी लहानाकडून. जुना आर्म अगदी असाच बोलतो. काकांच्या ट्रंकेत निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत. त्यांत अक्षरं उजवीकडून डावीकडे पळतात आणि मधला सर्व्हे नंबर आला की नजर उलटी फिरते. पत्रावर 'मु. पो. पिंगळी, ता. जि. परभणी' लहानाकडून मोठ्याकडे. आपण या घोळात इतके मुरलो आहोत की तो दिसतच नाही, पहिलीतल्या पोरानं 'पंचवीस' ऐकून ५२ लिहीपर्यंत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं, त्यामागे हीच अडचण होती. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी त्याची बाजू शांतपणे मांडली, आणि महाराष्ट्रभर चेष्टा झाली. मीही केली होती, कबूल करतो. विहिरीवरच्या त्या ०.०० नंतर ती जरा बोचली.

नोंदवहीतली आर्मची गाठ सुटते कशी, हे पाहायला छपाईच्या खोलीत जावं लागतं. संख्येचे दशांश आकडे करणारा न्यूलिबमधला भाग डेव्हिड गे यांच्या १९९१ च्या कामावरून आलेला आहे. त्यात दोन क्रमांना चिपांचीच नावं: इंटेलचा ८०८७ आणि मोटोरोलाचा ६८के. जुना आर्म वर्डांच्या क्रमानं मोटोरोलाकडचा. पण त्याच भागात एक छोटं काम ३२ बिटांचे दोन १६-१६ चे तुकडे करून ठेवण्याचं आहे, आणि तिथे आर्मला मोटोरोलाचा नियम लावला की तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणून नोंदवहीत आर्मपुढे एक जादा शेरा: वर्ड मोठ्याकडून, पण बाइट लहानाकडून. वर्ड उचलताना पहिला शेरा वाचायचा, तुकडे ठेवताना दुसरा. एकाच नावानं दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय इथे मोडली आहे, तीही अर्ध्या ओळीत.

मजा म्हणजे ती काढून टाकलेली २९ घरांची ओळ जुन्या आर्मवर कधीच अडखळली नसती. तिनं वर्डच्या आतल्या बाइटांची चौकशीच केली नव्हती. तो भाग प्रोसेसर स्वतः वाचतो, स्वतःच्या चालीनं.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी बदलून पेटी पुन्हा लावली. मोटार सुरू झाली आणि पडद्यावर २२९.४० आलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "दोनशे एकोणतीस." दोनशे ठीक. पुढे पडद्यावर दोन होता, नऊ होता. काकांच्या तोंडी त्यांतला एकही नाही, तीस आहे आणि त्यातून एक वजा आहे. आयईईई-एफपीच्या फाइलीत या चालीची नोंद मला सापडली नाही.