‘कोयता’ हे एकक : विकासाच्या अर्थशास्त्रातील कुटुंब-संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

स्त्रिया, बालके आणि अपंग व्यक्ती यांच्याविषयी विकासाच्या अर्थशास्त्रात गेल्या तीन-चार दशकांत जे संशोधन झाले, त्याचे मोठे श्रेय असे की त्याने कुटुंबाच्या आत डोकावून पाहिले. गॅरी बेकर यांच्या १९८१ च्या ग्रंथात कुटुंब हे जणू एकाच इच्छेने चालणारे एकक होते. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये त्यातील सहकार्य आणि संघर्ष एकत्र मांडले. पुढे बीना अग्रवाल यांनी घरातील वाटाघाटींचा विचार मालमत्तेशी जोडला. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांचा २००५ मधील तिरुवनंतपुरम जिल्ह्याचा अभ्यास यादृष्टीने उल्लेखनीय आहे. जमीन व घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक हिंसा सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. स्त्रीचे स्वतःचे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून हिंसेचे अर्थशास्त्र उलगडत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

मराठवाड्यात राहून हे साहित्य वाचताना मात्र एक अडचण जाणवते. संशोधकांनी कुटुंबाचे एकक मोडून व्यक्तीपर्यंत जायचे ठरविले. पण जेथे बाजारपेठेनेच नवरा-बायकोला एक एकक ठरविले आहे, तेथे काय करावयाचे? प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या संदर्भात याची चिकित्सा करावयाची आहे.

कोयता म्हणजे काय

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ हे केवळ अवजाराचे नाव नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हाती. मजुरी टनावर ठरते आणि उचलीतून वळती होते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरू लागते. पण तिच्या श्रमाचा वेगळा भाव कोठेच निघत नाही. एकाने जरी काम बुडविले तरी ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड जोडीच्या नावे लागतो. बेकर यांचे एकसंध कुटुंब सैद्धान्तिक गृहीतक म्हणून टीकेस पात्र ठरले. येथे तर ते कराराची अट म्हणून अस्तित्वात आहे. स्त्री कमावू लागली की तिची घरातील बाजू बळकट होते, हे वाटाघाटीच्या सिद्धान्तातील सूत्र या करारापाशी अडते. ती कमावते, पण तिची कमाई म्हणून दाखविता येईल असा आकडाच नसतो. रोजगार हमीच्या कामावर निदान हजेरीपत्रकात तिचे नाव स्वतंत्र असे.

अवर्षण आणि बालविवाह

याच ठिकाणी एका बहुचर्चित लेखाचा विचार करणे आवश्यक आहे. लुसिया कॉर्नो, निकोल हिल्डब्रँट आणि अलेस्सांद्रा व्होएना यांनी २०२० मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त असे मांडले की, अवर्षणामुळे आफ्रिकेच्या सहारा-दक्षिण भागात बालविवाहाची शक्यता वाढते, तर भारतात ती घटते. कारण लग्नात पैसा कोणत्या दिशेने जातो यात आहे. तेथे वधूमूल्य मिळते म्हणून संकटात मुलीचे लग्न लवकर होते; येथे हुंडा द्यावा लागतो म्हणून लग्न पुढे ढकलले जाते. युक्तिवाद देखणा आहे आणि आकडेवारीची हाताळणीही काटेकोर आहे. परंतु त्यात विवाह हा दोन कुटुंबांतील देण्याघेण्याचा एकवेळचा व्यवहार आहे. बीडमध्ये विवाह म्हणजे नवा कोयता, आणि नवा कोयता म्हणजे नवी उचल. एकट्या मुलाला मुकादमाकडे फारशी किंमत नसते, जोडीला असते. त्यात आईवडील पाच-सहा महिने कारखान्यावर असताना वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही चिंता असतेच. अवर्षण पडले की हुंड्याचा पैसा आटतो हे खरे. पण त्याच वर्षी तोडीला जाणाऱ्यांची निकडही वाढते. हे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने वाहतात आणि संपूर्ण देशाच्या सरासरीत दुसरा दिसेनासा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के होते. अर्थात एवढ्यावरून आमचे म्हणणे सिद्ध होत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परभणीत हेच प्रमाण ४८ टक्के आहे आणि त्याची सर्व कारणे ऊसतोडीत शोधता येणार नाहीत. आपल्याकडे ‘दुष्काळामुळे बालविवाह वाढले’ हे विधान वृत्तपत्रांतून इतके सहज केले जाते की ते तपासावे असेही कोणाला वाटत नाही. कॉर्नो प्रभृतींनी निदान वर्षवार पर्जन्यमानाशी ताळा घातला आहे. तसाच ताळा तोडीची गावे आणि बिगरतोडीची गावे वेगळी करून घालता आला, तरच त्यांच्या निष्कर्षाला खरे उत्तर देता येईल.

तेरा हजार आठशे एकसष्ट

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हे प्रमाण सुमारे १७ टक्के पडते. राष्ट्रीय पाहणीच्या चौथ्या फेरीतील देशपातळीवरील ३.२ टक्क्यांशी त्याची तुलना केली जाते; पण तो आकडा १५ ते ४९ या वयोगटातील सर्व स्त्रियांचा, अविवाहित मुलींसह आहे. वयोरचना जुळवल्याशिवाय ही तुलना पूर्णतः ग्राह्य नाही. अंतर तरीही मोठेच राहील, परंतु त्याच गावातील तोडीला न जाणाऱ्या स्त्रियांशी तुलना केल्याखेरीज त्यातील किती वाटा तोडीचा आणि किती खासगी दवाखान्यांचा, हे सांगता येत नाही.

याहून गंभीर आक्षेप वाचनाविषयी आहे. चर्चेत दोनच पात्रे राहिली, लोभी डॉक्टर आणि अजाण बाई. त्यानुसार उपायही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीचा झाला. तो आवश्यकच होता. परंतु पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा, पाण्याची व शौचालयाची सोय नसलेली कोपी आणि उचलीचे ओझे यांचा हिशेब घातला, तर बाईचा निर्णय अजाणतेपणाचा वाटत नाही. शरीर जोडीच्या करारात बसविण्यासाठी केलेली ती एक तडजोड ठरते. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा कर्जातून किंवा उचलीतून भागतो, आणि ते फेडण्यासाठी पुढचा हंगाम धरावाच लागतो. हिंसा म्हणून आपण जे मोजतो, त्यात याला रकाना नाही.

मोजणीबाहेरचे अपंगत्व

कमी वयात अंडाशयासह गर्भाशय काढल्यास रजोनिवृत्ती लवकर येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. पाठ धरली म्हणून मोळी उचलता येत नाही, अशी स्त्री कोयत्याबाहेर पडते. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत तिची स्थिती सहजासहजी बसत नाही. २०११ च्या जनगणनेने देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हा प्रश्न आला, तोही घरातील एका व्यक्तीने सर्वांच्या वतीने उत्तर द्यावयाच्या प्रश्नावलीत. सहाव्या फेरीतून तो वगळण्यात आला. हिंसेचे प्रश्न निवडलेल्या एका स्त्रीला एकांतात विचारावेत असा दंडक आहे. कोपीत असा एकांत कोठून मिळणार, हा भाग वेगळाच.

आमच्या शहरातील महाविद्यालयांतून बीड-जालना भागातील अशी मुले-मुली शिकतात. प्रवेश अर्जातील ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात त्यांतील बहुतेक जण ‘शेती’ असे लिहितात. पदव्युत्तर प्रकल्पासाठी त्यांना दूरची प्रश्नावली देण्याऐवजी स्वतःच्या घरातील एका हंगामाचा हिशेब मांडावयास सांगता येईल : उचल किती, खाडे किती, त्यांपैकी आईच्या आजारपणाचे किती, आणि फिटले किती. मुकादमाच्या वहीत या नोंदी कोयत्याच्या नावाने असतात. त्या आई आणि वडील अशा दोन रकान्यांत लिहून काढण्याचे काम कोणत्याही मोठ्या अनुदानावाचून सुरू करता येण्यासारखे आहे.