नामनिर्देश आणि टीकेची नैतिकता

टीकेत व्यक्तीचे नाव घ्यावे काय, या प्रश्नाची मराठीतील दोन टोके लक्षणीय आहेत. १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘शतपत्रे’ लिहिणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव स्वीकारले. त्यांचा रोख प्रामुख्याने सामाजिक प्रवृत्तींवर होता. उलट टिळक-आगरकरांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर उघड नावानिशी आरोप केले. आधारभूत पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही दोघांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. येथे दोष नामनिर्देशाचा नव्हता, कारण सत्ताधारी निनावी राहिला की जबाबदारीच निराकार होते. उणीव होती ती पुराव्याच्या पारखीत. प्रवृत्तीवर टोपणनावाने लिहिता येते. व्यक्तीवर लिहिणाऱ्याने मात्र स्वतःचे नावही पणाला लावले पाहिजे. टिळक-आगरकरांनी ते लावले होते, म्हणूनच त्यांच्या चुकीची शहानिशा होऊ शकली.